स्लाइड सादरीकरणातील मांडणीदोष

एका संगणकावर तयार केलेली स्लाइड सादरीकरणाची फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली असता मजकूर, चित्रे, तक्ते किंवा अक्षरे मूळ जागेवरून सरकणे, आकार बदलणे, कापली जाणे अथवा वाचता न येणे, यांस सादरीकरणातील मांडणीदोष असे म्हणतात. पॉवरपॉइंट, लिबरऑफिस इम्प्रेस, कीनोट आणि गुगल स्लाइड्स यांसारख्या सर्वच सादरीकरण प्रोग्रामांमध्ये हा दोष आढळतो. संगणकावर आवश्यक फॉन्ट नसणे, स्लाइडच्या आकाराचे प्रमाण वेगळे असणे, प्रोग्राम किंवा त्याची आवृत्ती वेगळी असणे आणि फाइलीबाहेरील जोडलेली सामग्री सोबत न येणे, ही त्याची चार प्रमुख कारणे होत. देवनागरी मजकुराच्या बाबतीत जोडाक्षरांची रचना आणि जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टचा वापर या दोन कारणांची त्यात भर पडते.

बहुतेक प्रसंगी मूळ फाइल बिघडलेली नसते. तिच्यातील सूचनांचा दुसऱ्या संगणकाने लावलेला अर्थ वेगळा असतो. त्यामुळे कारण न ओळखता स्लाइड हाताने दुरुस्त करत बसल्यास शाबूत असलेली फाइल खरोखरच बिघडण्याचा संभव असतो.

## पार्श्वभूमी

संगणकीय सादरीकरणापूर्वी व्याख्यानांसाठी ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवायच्या पारदर्शिका किंवा ३५ मिलिमीटर फिल्मवरील स्लाइड वापरल्या जात. त्यांवरील मजकूर व चित्र त्या वस्तूवरच उमटलेले असल्याने प्रोजेक्टर बदलला तरी मांडणी बदलत नसे. प्रतिमा अंधुक दिसणे किंवा पडद्यावर तिरपी पडणे एवढाच काय तो फरक पडे.

पॉवरपॉइंट हा प्रोग्राम फोरथॉट या कंपनीने १९८७ साली मॅकिंटॉश संगणकासाठी प्रसिद्ध केला. त्याच्या निर्मितीत रॉबर्ट गॅस्किन्स व डेनिस ऑस्टिन यांचा प्रमुख वाटा होता. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली आणि १९९० मध्ये विंडोजसाठीची आवृत्ती आली. प्रारंभी या प्रोग्रामाचा उपयोग मुख्यतः पारदर्शिका छापण्यासाठी होत असे. पुढे संगणक थेट प्रोजेक्टरला जोडणे सोपे झाले आणि पारदर्शिकेची जागा फाइलीने घेतली. हलवली जाणारी वस्तू आता उमटलेले पान राहिली नाही. पान कसे तयार करावे याच्या सूचनांचा तो संच झाला, आणि या सूचना अमलात आणण्याचे काम फाइल उघडणाऱ्या संगणकाकडे आले.

## फाइलीची अंतर्रचना

२००७ पासून पॉवरपॉइंटमध्ये वापरला जाणारा पीपीटीएक्स हा फाइलप्रकार वस्तुतः एक झिप संकुल असतो. त्यात प्रत्येक स्लाइडसाठी एक्सएमएल या भाषेत लिहिलेली स्वतंत्र फाइल, चित्रे व ध्वनिचित्रफितींचा कप्पा आणि थीम, मास्टर स्लाइड व मांडणीचे नमुने यांच्या फाइली असतात. हा प्रकार एक्मा-३७६ (२००६) आणि आयएसओ/आयईसी २९५०० (२००८) या मानकांत नोंदवलेला आहे. लिबरऑफिसचा मूळ प्रकार ओडीपी हा आयएसओ/आयईसी २६३०० या मानकावर आधारित असून त्याची रचनाही अशीच संकुलाची आहे.

पीपीटीएक्समध्ये चौकटीचे स्थान व आकार अत्यंत सूक्ष्म एककात नोंदवले जातात. एका इंचात अशी ९,१४,४०० आणि एका सेंटिमीटरमध्ये ३,६०,००० एकके असतात. त्यामुळे चौकट कोठे आहे याविषयी दोन संगणकांत सहसा मतभेद होत नाहीत. चौकटीतील मजकुराचे मात्र तसे नसते. ओळ कोठे तुटावी किंवा दुसरी ओळ किती खाली सुरू व्हावी याची नोंद फाइलीत नसते. तेथे मजकूर, फॉन्टचे नाव, अक्षरांचा आकार आणि संरेखन एवढेच नमूद असते. ओळी प्रत्येक संगणकावर नव्याने मोजल्या जातात. म्हणूनच मांडणीदोषात चौकटी बहुधा जागेवर राहतात आणि मजकूर त्यांच्याबाहेर जातो.

## कारणे

### फॉन्टची अदलाबदल

फाइलीत नमूद केलेला फॉन्ट संगणकावर नसल्यास प्रोग्राम त्याच्याऐवजी उपलब्ध असलेला दुसरा फॉन्ट वापरतो. ही अदलाबदल बहुधा कोणतीही सूचना न देता होते. दोन फॉन्टमधील अक्षरांची रुंदी आणि ओळींमधील अंतर क्वचितच सारखे असते. रुंदी वाढली की ओळ लवकर तुटते, एक जादा ओळ तयार होते आणि तिच्याखालील सर्व मजकूर खाली ढकलला जातो.

ओळींतील अंतराचा परिणाम एका गणिताने स्पष्ट होतो. पाच इंच उंचीची चौकट म्हणजे ३६० पॉइंट. अक्षरे २४ पॉइंटची असून फॉन्टचे रेषांतर अक्षराच्या आकाराच्या १.२ पट असेल, तर प्रत्येक ओळ २८.८ पॉइंट जागा घेते आणि चौकटीत १२ ओळी बसतात. रेषांतर १.५ पट असलेला फॉन्ट आला, तर प्रत्येक ओळीस ३६ पॉइंट लागतात आणि त्याच चौकटीत १० ओळी मावतात. उरलेल्या दोन ओळी तळटीपेवर, चित्रावर किंवा स्लाइडच्या बाहेर जातात. बेरीज, निष्कर्ष किंवा अट बहुधा शेवटच्या ओळींत असल्याने हा दोष दिसण्यापुरता मर्यादित राहत नाही.

पॉवरपॉइंट २००७ पासून कॅलिब्री हा मूलनिर्धारित फॉन्ट होता. २०२३ पासून मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये त्याची जागा ॲप्टोस या फॉन्टने घेतली. जुन्या आवृत्त्यांच्या संगणकांवर ॲप्टोस नसल्याने, लेखकाने फॉन्टची निवड मुद्दाम केलेली नसतानाही अदलाबदल घडू शकते.

### स्लाइडच्या प्रमाणातील फरक

जुन्या सादरीकरणांत स्लाइडचे प्रमाण ४:३ असे आणि तिचा आकार १० × ७.५ इंच असे. पॉवरपॉइंट २०१३ पासून १६:९ हे प्रमाण आणि १३.३३३ × ७.५ इंच हा आकार मूलनिर्धारित झाला. गुगल स्लाइड्समध्ये प्रमाण १६:९ असले तरी आकार १० × ५.६२५ इंच असतो.

स्लाइडचे प्रमाण पडद्यापेक्षा वेगळे असले तरी केवळ दाखवताना मांडणी मोडत नाही, फक्त रिकामे पट्टे दिसतात. १६:९ ची स्लाइड १०२४ × ७६८ बिंदूंच्या प्रोजेक्टरवर दाखवली असता ती १०२४ × ५७६ बिंदू व्यापते आणि वर-खाली प्रत्येकी ९६ बिंदूंचा काळा पट्टा राहतो. ४:३ ची स्लाइड १९२० × १०८० च्या पडद्यावर १४४० × १०८० बिंदू व्यापते आणि दोन्ही बाजूंस प्रत्येकी २४० बिंदू मोकळे राहतात. खरा दोष उद्भवतो तो एका प्रमाणातील स्लाइड दुसऱ्या प्रमाणाच्या सादरीकरणात चिकटवल्यावर किंवा फाइलीचे प्रमाण मागाहून बदलल्यावर. अशा वेळी चित्रे ताणली जातात अथवा कडेची सामग्री बाहेर जाते.

### प्रोग्राम व आवृत्तीतील फरक

एकच फाइल दोन प्रोग्राम वेगळ्या प्रकारे वाचतात. मजकूर चौकटीत मावत नसल्यास अक्षरे आपोआप लहान करण्याची सोय हे याचे ठळक उदाहरण होय. पॉवरपॉइंट अक्षरे किती टक्के लहान केली ते फाइलीत नोंदवतो. दुसरा प्रोग्राम तेच प्रमाण पाळू शकतो किंवा स्वतः नव्याने मोजमाप करू शकतो. तयार आकृत्या, गणिती सूत्रे, सावल्या आणि विंडोजच्या जुन्या मेटाफाइल प्रकारातील चित्रे यांतही असाच फरक पडतो. नव्या आवृत्तीतील 'मॉर्फ' हे संक्रमण जुन्या आवृत्तीत साध्या विरळ होण्याच्या संक्रमणासारखे दिसते. त्याने मांडणी मोडत नसली तरी हालचालीतून सांगायचा आशय हरवतो.

### बाहेरून जोडलेली सामग्री

चित्रफीत, ध्वनी किंवा स्प्रेडशीटमधील आलेख फाइलीत समाविष्ट न करता केवळ जोडलेला असेल, तर फाइलीत त्याचा पत्ता तेवढा असतो. पेनड्राइव्हवर फक्त सादरीकरणाची फाइल घेतल्यास तो पत्ता निरुपयोगी ठरतो. जोडलेल्या आलेखाचे शेवटचे चित्र दिसत राहते, पण आकडे अद्ययावत करता येत नाहीत. चित्रफितीच्या जागी मात्र स्थिर चौकट किंवा दोषसंदेश येतो.

### हाताने केलेले संरेखन

मजकूर स्तंभांत बसवण्यासाठी स्पेसबार वारंवार दाबणे किंवा ओळ खाली नेण्यासाठी रिकाम्या ओळी घालणे ही सवय सर्वत्र आढळते. अशा मांडणीचे मोजमाप त्या एका फॉन्टवर अवलंबून असते आणि फॉन्ट बदलताच स्तंभ वाकडे होतात. तक्ता, टॅब किंवा परिच्छेदातील अंतर यांचा वापर केल्यास हा दोष उद्भवत नाही.

## देवनागरी मजकुराचे विशेष प्रश्न

### उपलब्ध फॉन्टमधील भिन्नता

निरनिराळ्या संगणक प्रणालींसोबत येणारे देवनागरी फॉन्ट वेगवेगळे आहेत. विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांत मंगल हा फॉन्ट होता. विंडोज ७ मध्ये कोकिळा, अपराजिता व उत्साह हे फॉन्ट आले, तर विंडोज ८ पासून निर्मला यूआय हा फॉन्ट आला. मॅक संगणकांवर देवनागरी एमटी व कोहिनूर देवनागरी, तर लिनक्सवर बहुधा लोहित किंवा नोटो कुलातील फॉन्ट असतात. यांची अक्षरे एकाच पॉइंट आकारात लहानमोठी दिसतात. कोकिळाची अक्षरे मंगलपेक्षा बरीच लहान भासतात. त्यामुळे कोकिळामध्ये नीट बसवलेला मजकूर मंगलमध्ये चौकटीबाहेर जातो.

विंडोज १० पासून मंगल, कोकिळा, अपराजिता व उत्साह हे फॉन्ट देवनागरीच्या ऐच्छिक पूरक संचात ठेवण्यात आले असून ते प्रत्येक संगणकावर असतीलच असे नाही. दुसरीकडे, पॉवरपॉइंटच्या दीर्घकाळ प्रचलित असलेल्या ऑफिस थीममध्ये देवनागरी लिपीसाठी मंगल हेच नाव नोंदवलेले असते. लेखकाने एकही फॉन्ट निवडलेला नसताना मराठी स्लाइड दोन विंडोज संगणकांवर वेगळी दिसते, त्याचे एक कारण हे होय.

थीममध्ये रोमन, पूर्व आशियाई आणि जटिल लिपींसाठी फॉन्टची स्वतंत्र नोंद असते. देवनागरीची गणना जटिल लिपींत होते. त्यामुळे रोमन मजकुरासाठी निवडलेल्या फॉन्टचे नाव पट्टीवर दिसत असले, तरी देवनागरी अक्षरे प्रत्यक्षात दुसऱ्याच फॉन्टमधून येत असतात. मराठी सादरीकरणाची तपासणी करताना ही गोष्ट हटकून नजरेतून सुटते.

### जोडाक्षरे व ऱ्हस्व रूपे

देवनागरीत संगणक अक्षरे ओळीने मांडत नाही, तर त्यांच्या क्रमावरून आकृत्या जुळवतो. 'कि' मधील वेलांटी व्यंजनानंतर साठवली जाते, पण दिसते आधी. रफार व्यंजनाच्या आधी साठवला जातो, पण दिसतो त्याच्या डोक्यावर. हे काम अक्षररचनेची यंत्रणा आणि फॉन्टमधील नियम मिळून करतात. यांपैकी एक जरी अपुरा असला, तरी जोडाक्षर फुटून हलन्त चिन्हासह दिसते किंवा वेलांटी चुकीच्या जागी येते.

मराठीतील 'ऱ्य' व 'ऱ्ह' या जोड्या विशेष नाजूक आहेत. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना', तसेच 'दर्या' आणि 'दऱ्या' हे भिन्न अर्थांचे शब्द आहेत. युनिकोडमध्ये हे रूप 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरून, किंवा साध्या 'र' ला हलन्त व अदृश्य जोडचिन्ह लावून लिहिता येते. दुसऱ्या पद्धतीत ते अदृश्य चिन्ह एखाद्या रूपांतरात किंवा शोध-बदल करताना गळून पडल्यास 'आचाऱ्यांना' चे 'आचार्यांना' होते. शब्द शुद्ध दिसतो, शुद्धलेखन तपासणीतही सापडत नाही, पण अर्थ बदललेला असतो.

'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे हिंदीतील वळणांहून वेगळी आहेत. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असतात आणि मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदवलेली असल्यास मराठी वळण निवडले जाते. अशा फॉन्टमध्ये ही नोंद हरवल्यास किंवा दुसऱ्या प्रोग्रामाने ती न पाळल्यास अक्षरांचे वळण बदलते. वाचनास त्याने बाध येत नाही, तथापि प्राथमिक शाळेच्या अध्यापन साहित्यात हा फरक दुर्लक्षणीय नसतो.

### युनिकोडपूर्व फॉन्ट

युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी मराठी टंकलेखन श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी यांसारख्या फॉन्टमध्ये किंवा प्रगत संगणन विकास केंद्राच्या (सी-डॅक) आयएसएम प्रणालीत होत असे. यांपैकी अनेक फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या व चिन्हांच्या सांकेतिक जागांवर देवनागरी आकृत्या बसवलेल्या होत्या. संगणकाच्या दृष्टीने अशा फाइलीत मराठी मजकूर नसतोच. तेथे रोमन चिन्हांची मालिका असते आणि ती मराठीसारखी दिसते ती केवळ त्या विशिष्ट फॉन्टमुळे. प्रत्येक कुलाची संकेतरचना निराळी असल्याने एका फॉन्टमधील मजकूर दुसऱ्या कुलातील फॉन्टमध्येही वाचता येत नाही.

असा फॉन्ट नसलेल्या संगणकावर संपूर्ण स्लाइड निरर्थक चिन्हांनी भरलेली दिसते. येथे मांडणी सरकण्याचा प्रश्न नसून मजकूरच नाहीसा झाल्याचा भास होतो. फॉन्ट मिळाला तर मजकूर परत दिसतो. फॉन्टचे नाव कोणालाच ठाऊक नसेल, तर जुनी व्याख्याने, अहवाल व अध्यापन साहित्य फाइल शाबूत असूनही वाचनाबाहेर जाते. म्हणून अशा फाइलींचे युनिकोडमध्ये रूपांतर करणे हा दुरुस्तीइतकाच जतनाचाही विषय आहे.

रूपांतर करणारे प्रोग्राम उपलब्ध आहेत, परंतु त्यांना मूळ फॉन्ट कोणता हे अचूक सांगावे लागते. मराठी मजकुरात मिसळलेले इंग्रजी शब्दही ते देवनागरी चिन्हांत बदलतात. जोडाक्षरे, रफार, अवतरणचिन्हे आणि आकडे यांत चुका राहू शकतात. रूपांतरानंतर मूळ फॉन्टमधील छापील प्रत किंवा पीडीएफ शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहणे आवश्यक असते.

## दोषाचे निदान

दुरुस्तीपूर्वी लक्षणावरून कारण ओळखणे उपयुक्त ठरते.

- सर्व स्लाइडवरील मजकूर थोडाथोडा सरकलेला असणे: फॉन्टची अदलाबदल.
- रोमन अक्षरे व चिन्हांची निरर्थक मालिका दिसणे: युनिकोडपूर्व फॉन्ट उपलब्ध नसणे.
- अक्षरांऐवजी रिकाम्या चौकोनांची रांग दिसणे: वापरलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी आकृत्या नसणे.
- जोडाक्षरे फुटणे, वेलांटी चुकीच्या बाजूस येणे: फॉन्टमधील नियम किंवा अक्षररचनेची यंत्रणा अपुरी असणे.
- चित्रे व वर्तुळे लांबट किंवा चपटी दिसणे: स्लाइडचे प्रमाण बदलताना सामग्री ताणली जाणे.
- फक्त चिकटवलेल्या स्लाइडचे रंग व फॉन्ट बदलणे: त्या स्लाइडला नव्या फाइलीची थीम लागू होणे.
- चित्रफीत किंवा ध्वनी न चालणे: जोडलेली फाइल सोबत नसणे अथवा तिचा प्रकार त्या संगणकास न वाचता येणे.

फॉन्टविषयी शंका असल्यास पॉवरपॉइंटमधील होम टॅबवर 'रिप्लेस' या आज्ञेखाली असलेली 'रिप्लेस फॉन्ट्स' ही चौकट उघडल्यास सादरीकरणात नोंदवलेल्या फॉन्टची यादी मिळते. ही यादी संगणकावरील फॉन्टशी ताडून पाहिल्यास कोणता फॉन्ट नाही ते कळते.

## दुरुस्ती

### मूळ प्रत राखणे

दोष आढळताच फाइलीची प्रत काढून काम प्रतीवर करावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. फॉन्टची अदलाबदल झालेली असताना फाइलीतील फॉन्टचे मूळ नाव बहुधा तसेच राहते. योग्य फॉन्ट बसवून प्रोग्राम पुन्हा सुरू केल्यास मांडणी आपोआप पूर्ववत होते. याउलट अक्षरे लहान करून, ओळी तोडून किंवा चौकटी ओढून स्लाइड हाताने जुळवल्यास व ती साठवल्यास, मूळ संगणकावर तीच फाइल बिघडलेली दिसते. दोन सहकारी आपापल्या संगणकावर अशी आळीपाळीने दुरुस्ती करत राहिल्यास दोष संपत नाही.

### फॉन्ट बसवणे अथवा बदलणे

ज्याचा परवाना तशी मुभा देतो असा फॉन्ट मूळ लेखकाकडून मिळवून बसवणे, हा सर्वांत सरळ उपाय होय. विंडोज १० व त्यापुढील आवृत्तीत मंगल किंवा कोकिळा हवा असल्यास ऐच्छिक सुविधांच्या यादीतून देवनागरी पूरक फॉन्टसंच जोडता येतो.

फॉन्ट मिळणे शक्य नसल्यास 'रिप्लेस फॉन्ट्स' वापरून संपूर्ण सादरीकरणात एकदाच बदल करावा. रोमन मजकुरासाठी मूळ फॉन्टइतकीच रुंदी असलेले मुक्त पर्याय आहेत: कॅलिब्रीसाठी कार्लिटो, केंब्रियासाठी कॅलाडिया, एरियलसाठी लिबरेशन सॅन्स आणि टाइम्स न्यू रोमनसाठी लिबरेशन सेरिफ. यांची अक्षरवळणे वेगळी असली तरी प्रत्येक अक्षराची रुंदी मूळ फॉन्टएवढीच ठेवलेली असल्याने ओळी त्याच ठिकाणी तुटतात. युनिकोडपूर्व फॉन्टमधील मजकुरास मात्र हा उपाय लागू पडत नाही. फॉन्टचे नाव बदलून तो मजकूर युनिकोड होत नाही.

### मास्टर स्लाइडवरून दुरुस्ती

शीर्षक व मजकुराच्या राखीव चौकटी आपली जागा आणि शैली मांडणीच्या नमुन्याकडून, व तो नमुना मास्टर स्लाइडकडून घेतो. दोष सर्व स्लाइडवर असल्यास मास्टर स्लाइडमध्ये एकदा केलेली दुरुस्ती सर्वत्र लागू होते. एखाद्या स्लाइडवर चौकट हाताने हलवलेली असल्यास ती मास्टरमधील बदल पाळत नाही. 'रीसेट' या आज्ञेने तिला नमुन्याच्या मूळ जागी आणता येते. स्लाइडवर स्वतंत्रपणे काढलेल्या मजकूर चौकटींना ही सोय नसते, म्हणून मुख्य मजकूर राखीव चौकटीत लिहिणे हितावह असते.

दुसऱ्या फाइलीतील स्लाइड आणताना गंतव्य फाइलीची थीम लागू करावी की मूळ स्वरूप राखावे, हे चिकटवताना निवडता येते. ही निवड न केल्यास सामान्यतः गंतव्य थीम लागू होते.

### प्रमाण बदलणे

'डिझाइन' टॅबवरील 'स्लाइड साइझ' येथे प्रमाण बदलता येते. लहान आकाराकडे जाताना पॉवरपॉइंट दोन पर्याय देतो. 'मॅक्सिमाइझ' या पर्यायात सामग्री मोठी राहते, पण कडेचा भाग स्लाइडबाहेर जाऊ शकतो. 'एन्शुअर फिट' या पर्यायात सामग्री लहान होते, पण सर्व आत राहते. आकडे व तक्ते असलेल्या सादरीकरणास दुसरा पर्याय सुरक्षित असतो. केवळ एका सभेपुरते सादरीकरण असल्यास प्रमाण न बदलता काळे पट्टे तसेच राहू देणे कमी धोक्याचे असते.

## प्रतिबंध

### फॉन्ट अंतर्भूत करणे

विंडोजवरील पॉवरपॉइंटमध्ये 'फाइल', 'ऑप्शन्स' व 'सेव्ह' या क्रमाने गेल्यास फाइलीत फॉन्ट अंतर्भूत करण्याची सोय मिळते. मॅकवरील अलीकडच्या आवृत्त्यांतही ती आहे. लिबरऑफिसमध्ये ती दस्तऐवजाच्या गुणधर्मांतील फॉन्ट या विभागात असते. पॉवरपॉइंटमध्ये केवळ वापरलेली अक्षरे किंवा सर्व अक्षरे असे दोन पर्याय आहेत. पहिल्याने फाइल लहान राहते, परंतु पुढे संपादन करणाऱ्यास नवे अक्षर लागल्यास ते मिळत नाही. ज्या देवनागरी फाइलीत पुढे बदल अपेक्षित आहेत तिच्यासाठी दुसरा पर्याय योग्य ठरतो.

प्रत्येक फॉन्ट अंतर्भूत करता येत नाही. फॉन्टच्या फाइलीतच त्यासंबंधीची परवानगी नोंदवलेली असते. काही फॉन्ट संपादनासाठी, काही फक्त पाहण्या-छापण्यासाठी अंतर्भूत करता येतात, तर काहींना पूर्ण मनाई असते. मुक्त परवान्याचे फॉन्ट या दृष्टीने सोयीचे असतात. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा मुक्त, भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई येथील शोभिका आणि गुगलच्या पुढाकाराने तयार झालेला नोटो सॅन्स देवनागरी हे मुक्त परवान्याचे देवनागरी फॉन्ट आहेत.

### पीडीएफ प्रत

पीडीएफ हा फाइलप्रकार ॲडोबीने १९९३ मध्ये आणला आणि २००८ मध्ये तो आयएसओ ३२००० या मानकात समाविष्ट झाला. त्यात प्रत्येक अक्षराकृतीचे स्थान निश्चित नोंदवले जाते आणि लागणारे फॉन्ट सामान्यतः सोबतच साठवले जातात. त्यामुळे मांडणी जशीच्या तशी राखण्याचा हा सर्वांत खात्रीचा मार्ग समजला जातो. मोबाइल संचावर पाहिल्या जाणाऱ्या फाइलींसाठीही तो उपयुक्त असतो, कारण तेथे संगणकावरील फॉन्ट क्वचितच उपलब्ध असतात.

या मार्गाच्या मर्यादाही आहेत. हालचाली, संक्रमणे व चित्रफिती यांचा लोप होतो आणि मजकूर सहज संपादित करता येत नाही. युनिकोडपूर्व फॉन्टमधील मजकूर पीडीएफमध्ये डोळ्यांना बरोबर दिसतो, परंतु शोधता किंवा नक्कल करता येत नाही आणि दृष्टिबाधित वाचकांचे पडदावाचक प्रोग्राम त्याचे निरर्थक उच्चारण करतात. स्लाइडची चित्रे करून पाठवल्यास हाच प्रश्न अधिक तीव्र होतो. पीडीएफमुळे दृश्य मांडणी टिकते, त्यामागील मजकूर टिकेलच असे नाही.

### इतर काळजी

चित्रफिती फाइलीत समाविष्ट कराव्यात. जोडायच्या असल्यास सादरीकरण व सर्व जोडलेल्या फाइली एकाच फोल्डरमध्ये ठेवून तो संपूर्ण फोल्डर न्यावा. एच.२६४ व एएसी या पद्धतींतील एमपी४ चित्रफीत बहुतेक प्रणालींवर चालते. चौकटीत थोडी मोकळी जागा ठेवल्यास फॉन्ट बदलला तरी एखादी जादा ओळ सामावली जाते. शक्य असल्यास सभेपूर्वी फाइल प्रत्यक्ष त्याच संगणकावर उघडून पहिली, शेवटची आणि सर्वाधिक मजकूर असलेली स्लाइड तपासावी.

परीक्षेतील सादरीकरण, प्रशिक्षण किंवा ग्रामसभेतील जमाखर्चाचे वाचन अशा प्रसंगी दोन फाइली नेण्याची पद्धत उपयुक्त ठरते: फॉन्ट अंतर्भूत केलेली संपादनयोग्य प्रत आणि तिचीच पीडीएफ प्रत. पहिली ऐन वेळी दुरुस्तीसाठी उपयोगी पडते, तर लेखकाला स्लाइड कशी अभिप्रेत होती याची साक्ष दुसरी देते. पहिलीत काही सरकले आहे की काय, हे दुसरीशी ताडून पाहिल्यावरच निश्चित कळते.

## हेही पाहा

- देवनागरी
- युनिकोड
- फॉन्ट
- मायक्रोसॉफ्ट पॉवरपॉइंट
- लिबरऑफिस
- पीडीएफ